बंद दारांची वही: ज्येष्ठ निवासात रोजचे उपक्रम कसे उभे करावेत

१ ऑक्टोबरला, जागतिक ज्येष्ठ नागरिक दिनाला, आमचा हॉल गच्च भरतो. पाहुणे येतात, शाल-श्रीफळ होतं, मेसमध्ये गुलाबजाम असतात आणि संध्याकाळपर्यंत फोटो विश्वस्तांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचलेले असतात. सुरुवातीची काही वर्षं ते फोटो बघून मलाही वाटायचं की आपलं छान चाललंय. मग एका वर्षी कार्यक्रम ऐन रंगात असताना माइकचे सेल आणायला मी वरच्या मजल्यावर गेले. वऱ्हांड्यातून जाताना सहज दारं मोजली. एकवीस खोल्या, त्यातली अकरा दारं आतून लावलेली. आत माणसं होती. एका खोलीतून टीव्हीचा आवाज येत होता, एकीत कोणीतरी खोकत होतं.

पुण्याजवळच्या एका ज्येष्ठ निवासाची व्यवस्था मी बघते. पुढे लिहिलंय ते सगळं त्या अकरा दारांपासून सुरू झालं. तुम्ही व्यवस्थापक असाल, रहिवासी समितीत असाल किंवा आईवडिलांसाठी जागा शोधत फिरत असाल, तर यातलं बरंचसं जसंच्या तसं वापरता येईल. (जागा शोधणाऱ्यांनी माहितीपत्रकातली उपक्रमांची यादी बाजूला ठेवावी आणि एखाद्या साध्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास जाऊन दारं बघावीत.)

आधी वही

दोनशेपानी वही घ्या. दोन आठवडे कुठलाही नवा उपक्रम सुरू करू नका. सकाळी साडेदहा आणि दुपारी साडेचार अशा रोज दोन चकरा मारायच्या आणि प्रत्येक खोलीपुढे खूण करायची: दार उघडं, दार बंद, माणूस बाहेर. बस, एवढंच. हजेरीपटात आलेल्यांची नावं असतात, न आलेले त्यात कधीच दिसत नाहीत. भजनाला येणाऱ्या पंधरा जणीच कोजागरीला येतात, त्याच आरोग्य शिबिराला आणि त्याच सहलीला. आपले सगळे यशस्वी कार्यक्रम त्या पंधराजणींच्या उत्साहावर उभे असतात, हे वहीमुळे पंधरा दिवसांत उघड होतं.

मग खोलीत जाऊन बसा

छापील फॉर्म वाटून 'आपले छंद' विचारू नका. सगळे 'वाचन, संगीत, प्रवास' लिहितात आणि फॉर्म कपाटात जातो. खोलीत जा, बसा, पाणी दिलं तर प्या. मी तीन गोष्टी विचारते. पूर्वी सकाळी उठल्यावर पहिलं काम काय असायचं? लोक तुम्हाला कशासाठी बोलवायचे? आणि इथे आल्यापासून काय सुटलं? तिसऱ्या प्रश्नाला जरा वेळ द्यावा लागतो. एका काकूंनी बराच वेळ विचार करून सांगितलं, "कुणालातरी 'जेवलास का' विचारणं सुटलं."

एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले एक काका होते. आठ महिने कशालाच आले नाहीत. 'लोक कशासाठी बोलवायचे' यावर म्हणाले, "बोलवायचे कुठले? मी बोलवायचो. माइकवरून." दुसऱ्या दिवसापासून निवासातल्या घोषणा त्यांच्याकडे दिल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी दम भरला की वेळ पाळणार असाल तरच मी बोलेन. साडेचारला स्पीकरवरून आवाज आला, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, दोन नंबरच्या हॉलमध्ये लागलेला कॅरम पाच मिनिटांत सुटत आहे." जिन्यात लोक हसत उतरले. काका स्वतः आजतागायत कॅरमला बसलेले नाहीत, पण दिवसातून तीनदा ऑफिसात येतात.

संबोधनाचंही तेव्हाच विचारून घ्या. बहात्तर वर्षांच्या बाईंना पन्नाशीतल्या कामाच्या मावशींनी 'आजी' म्हटलं की त्या जेवणाच्या टेबलावरूनसुद्धा उठून जातात, हे मी पाहिलंय. आमच्याकडे सगळे काका-काकू. निवृत्त शिक्षकांना सर आणि बाई. दोघींना 'ताई'च हवं असतं, त्यांना ताई.

लोक का येत नाहीत

'त्यांना इंटरेस्ट नाही' हे उत्तर वहीत लिहायचं नाही, असा मी स्वतःला नियम घातला. त्यामुळे खरी कारणं शोधावी लागली, आणि ती निघाली अगदी साधी.

पहिलं कारण लघवी. कोणी तोंडाने सांगत नाही. रक्तदाबासाठी किंवा पायांच्या सुजेसाठी सकाळी पाणी उतरवणारी गोळी घेतलेल्या माणसाला पुढचे दोन-तीन तास सारखं जावं लागतं. अशा माणसाला नऊच्या योगवर्गाला बोलावलं की तो नाहीच म्हणणार. गोळीची वेळ आपण बदलायची नाही, ते डॉक्टरांचं काम. उपक्रमाची वेळ मात्र आपल्या हातात असते. शिवाय हॉलच्या जवळचं स्वच्छतागृह उघडं, कोरडं आणि दिवा लागलेलं ठेवा, आणि दाराजवळच्या चार खुर्च्या राखून ठेवा म्हणजे सगळ्यांसमोरून उठून जावं लागत नाही. आमच्याकडे एवढ्यानेच चार दारं उघडली.

दुसरं कारण कान. वयानुसार आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात, त्यामुळे स, श, त, थ, फ ही अक्षरं गळतात आणि 'सात' की 'साठ' कळत नाही. ओरडून काही होत नाही, उलट शब्द फाटतो. पंखा बारीक करा, वक्त्याच्या तोंडावर उजेड पडू द्या (खिडकीकडे पाठ करून उभं राहिलं की चेहरा काळा दिसतो), कमी ऐकू येणाऱ्यांना पुढे बसवा, आणि विनोद सांगितला तर तो दोनदा सांगा. सगळे हसले आणि आपल्यालाच कळलं नाही, यासारखं एकटं वाटायला लावणारं काही नसतं. कानाचं मशीन कपाटात पडलेलं असेल तर बहुतेक वेळा सेल संपलेला असतो किंवा नळीत मळ असतो. दर सोमवारी सिस्टरांनी सगळी मशीनं तपासायची, हा आमचा सर्वात स्वस्त उपक्रम. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी, टाळता येण्याजोगी चौदा कारणं मांडली, त्यात कमी ऐकू येणं आहे आणि एकटेपणाही आहे. मशीनचा सेल बदलला की एका वेळी दोन्हीवर काम होतं.

तिसरं कारण खुर्ची. हात नसलेली प्लास्टिकची खुर्ची गुळगुळीत फरशीवर सरकते. साधारण अठरा इंच उंचीची, हात असलेली, जड खुर्ची घ्या. सतरंजी कुठल्याही निमित्ताने अंथरू नका. खाली बसलेला माणूस उठू शकला नाही की त्याला जे वाटतं ते तो विसरत नाही.

आणि काही कारणं आपल्या हाताबाहेरची असतात: गेल्याच महिन्यात नवरा गेला, मुलाचा फोन आला नाही, समोरच्या खोलीतल्या बाईंशी गॅलरीतल्या कपड्यांवरून भांडण झालं. तीही वहीत लिहा.

व्यायाम

इथे मी एकदा चांगलीच तोंडावर आपटले होते. उत्साहाने एक योगशिक्षक बोलावले, चटया अंथरल्या. त्यांनी सूर्यनमस्कार सुरू केले. तिसऱ्या मिनिटाला दोन काकू जमिनीवरून उठेनात. मदतनीस मामांनी काखेत हात घालून उठवलं. दुसऱ्या आठवड्यात वर्गात फक्त शिक्षक आणि मी.

त्यानंतर सगळं खुर्चीवर आणलं. यात कमीपणा काही नाही. बी. के. एस. अय्यंगार यांनी पुण्यातच खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळे यांचा आधार घेऊन आसनं शिकवली, आणि ती आता जगभर शिकवली जातात, हे सांगितलं की पुणेकर काकांची मान ताठ होते.

सुरू करण्याआधी प्रत्येकाचं मोजमाप करा. त्यासाठी खुर्ची, टेप आणि मोबाइलमधलं घड्याळ पुरतं. खुर्चीपासून तीन मीटरवर जमिनीवर पट्टी चिकटवा. माणसाने उठायचं, नेहमीच्या चालीने पट्टीपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. काठी वापरत असतील तर काठीसकट. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरा. दुसरी चाचणी: हात छातीवर घडी घालून तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं. पंचाहत्तर ते एकोणऐंशी वयाच्या पुरुषांत अकरापेक्षा कमी आणि स्त्रियांत दहापेक्षा कमी आकडा आला तर पायांत ताकद कमी आहे. हात टेकवूनच उठता आलं तर आकडा शून्य लिहा, आणि तो सगळ्यांसमोर वाचू नका. दोन्ही वेळी शेजारी एक माणूस उभा हवाच.

तिसरी गोष्ट सिस्टरांनी करायची. पाच मिनिटं आडवं राहिल्यावर रक्तदाब घ्यायचा, मग उभं केल्यावर एक आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा वीस किंवा खालचा दहाने उतरला तर वर्गाला बसवण्याआधी डॉक्टरांना दाखवायचं. सकाळी उठल्या उठल्या बाथरूममध्ये पडणाऱ्यांत अशी माणसं असतात.

जागतिक आरोग्य संघटनेचं ६५ वर्षांपुढच्यांसाठी सांगणं असं: आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल आणि आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस तोल आणि ताकदीचा व्यायाम. चालणं बहुतेक जण करतात. तोल कोणीच करत नाही, आणि माणूस पडतो तो तोल जाऊन. म्हणून आमचा वर्ग सोमवार, बुधवार, शुक्रवार, साडेदहा ते सव्वाअकरा. पहिली दहा मिनिटं बसून: घोटे फिरवणं, टाचा-चवडे उचलणं, खांदे, मान हळूहळू. मग हात न टेकता उठबस, झेपेल तितकी, पाचपासून सुरू. मग खुर्चीच्या पाठीला धरून चवड्यांवर उभं राहणं, एक पाय बाजूला उचलणं, एका पावलापुढे दुसरं लावून दहा सेकंद थांबणं. हात सुटला की नवा महिना, असं आम्ही म्हणतो: पहिल्या महिन्यात दोन्ही हात, दुसऱ्यात एक, तिसऱ्यात दोन बोटं. घाई केली तर सगळं मुसळ केरात.

छातीत दुखलं, चक्कर आली, धाप लागून बोलता येईना, की लगेच थांबायचं. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी यायचं नाही. माझ्या पर्समध्ये ग्लुकोजची पुडी असते. गुडघा किंवा खुबा बदललेल्यांनी काय करायचं नाही ते त्यांच्या फिजिओथेरपिस्टकडून लिहून घ्या. तीन महिन्यांनी पुन्हा तीच पट्टी, तेच घड्याळ. एका काकूंचे सोळा सेकंदांचे तेरा झाले, तेव्हा त्यांनी मुलीला न्यू जर्सीला फोन करून सांगितलं.

हसण्याचा क्लबही चालतो. १९९५ साली मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी चार-पाच माणसांना घेऊन तो सुरू केला होता. माझं मत विचाराल तर खोटं हसायला लावण्यापेक्षा एसटीवाल्या काकांना माइक द्यावा.

आठवणींचा तास

हा माझा आवडता. सहा ते आठ माणसं, त्याहून जास्त नको, आणि मध्ये टिपॉयवर एक वस्तू. विषय सगळ्यांनी जगलेला हवा. आमच्याकडे जुने पुणेकर बरेच, म्हणून पहिला तास पानशेतचा ठेवला. १२ जुलै १९६१. एवढी तारीख फळ्यावर लिहिली आणि मी गप्प बसले. एक काका शनिवार पेठेतल्या वाड्याच्या कौलांवर रात्र काढलेले. एक बाई तेव्हा नवव्या महिन्यात. एकाने सांगितलं की पाणी ओसरल्यावर वडिलांच्या दुकानातली वह्या-पुस्तकं रस्त्यावर वाळत घातली होती, आणि वास अजून नाकात आहे. तासाचे दीड झाले.

गावाकडून आलेल्यांसाठी १९७२चा दुष्काळ, रोजगार हमीची खडी आणि मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी. कराड-पाटणकडच्यांसाठी ११ डिसेंबर १९६७चा कोयनेचा भूकंप. मुंबईकरांना गिरण्यांचा संप, १९८२. हलकं हवं असेल तर १९५७ साली आणे जाऊन नवे पैसे आले तेव्हा दुकानदाराने कसं फसवलं, हा विषय कधी फसत नाही. वस्तू म्हणून जातं, कंदील, पाटी, रॉकेलचं नरसाळं, जुना दिवाळी अंक, काहीही. हातात घेतल्याशिवाय आठवण येत नाही.

कोणी रडलं तर विषय बदलू नका. पाणी द्या, थांबा, शेजाऱ्याला हात धरू द्या. तास संपल्यावर त्यांच्या खोलीत जाऊन पाच मिनिटं बसा. झोप उडालेली, जेवण सुटलेलं, 'आता कशाला जगायचं' असं सारखं येऊ लागलं, तर मात्र तो उपक्रमाचा विषय राहत नाही. डॉक्टरांना बोलवा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक प्रत्येक मजल्यावर लावून ठेवा. शेजारी एल्डरलाइन या ज्येष्ठांसाठीच्या हेल्पलाइनचा १४५६७ही असू द्या. तो आपल्याविरुद्धच्या तक्रारीसाठीसुद्धा वापरता येतो, म्हणून काही ठिकाणी लावत नाहीत.

स्मृतिभ्रंश असलेल्यांना या तासात परीक्षा वाटेल असं काही विचारू नका. 'मला ओळखलंत का?' हा प्रश्न तर बंदच. त्यांना हाताला काम द्या: मटार सोलणं, वाती वळणं, रुमालांच्या घड्या. एक काकू स्वतःच्या मुलाचं नाव विसरल्यात, पण फुलवात अशी वळतात की आमच्यापैकी कोणाला जमत नाही. वीस मिनिटं पुरे. चेहऱ्यावर कंटाळा दिसला की थांबा.

कोणीतरी आपली वाट बघतंय

या सगळ्यात माझं एक ठाम मत झालंय. करमणूक करून घ्यायला माणूस कितीदा खाली उतरेल? आठवड्यातून एकदा. आपल्यावाचून कुणाचं अडतंय म्हटल्यावर रोज उतरतो. म्हणून प्रत्येक उपक्रमाला एक मालक रहिवाशांमधला हवा. दिवाळी अंकांची फिरती पेटी कोणाकडे, कॅरमची पावडर कोणाकडे, कुंड्यांना पाणी कोणाचं, मेंढीकोटचा हिशेब कोण ठेवणार, नवीन आलेल्यांना पहिले आठ दिवस जेवायला कोण घेऊन जाणार. यातलं शेवटचं काम सर्वात महत्त्वाचं. 'जेवलास का' वाल्या काकूंकडे ते दिलं आणि त्या आता मला विचारल्याशिवायच नव्या माणसाचं दार वाजवतात.

एक पथ्य आहे. मावशींची कमतरता भरून काढायला रहिवाशांना राबवायचं नाही. भाजी निवडणं हा विरंगुळा आहे, साठ माणसांची भाजी रोज निवडणं नाही. काम नको म्हणायची मुभा असेल तरच ते काम उपक्रमात धरा.

स्वयंपाकघराबद्दल थोडक्यात. वर्गाला ताकद हवी तर ताटात प्रथिनं हवीत. या वयात वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण एक ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला साठ ग्रॅमच्या आसपास. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांचं डॉक्टर ठरवतील. रात्री नुसता मऊ भात आणि पातळ वरण यावर ते होत नाही. दही, उसळ, अंडं, घट्ट वरण, दुपारी भाजलेले शेंगदाणे किंवा दात नसतील तर त्यांचं कूट. एकादशीला मधुमेही मंडळींपुढे साबुदाण्याचा डोंगर ठेवू नका. भगर आणि दाण्याची आमटी करा, भगरही बेताने, आणि आमटीच जास्त वाढा.

बाहेरून येणारे

वाढदिवसाचा केक कापायला 'आश्रमात' येणारी कुटुंबं, आमच्याकडे त्यांना नम्रपणे नाही म्हणतात. अनोळखी मुलाच्या वाढदिवसाला टाळ्या वाजवून मग पेपर प्लेट धरून फोटोत उभं राहायचं, यात रहिवाशांना काय मिळतं? कॉलेजच्या मुलांना मी सांगते, तीनदा येणार असाल तर या, एकदाच येणार असाल तर नको. एका मुलाने एकाच माणसाकडे बसायचं. मोबाइलवर बिल भरणं शिकवायचं, बदल्यात काहीतरी शिकून जायचं. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, हे पहिल्या भेटीत. फोटो विचारल्याशिवाय नाही.

आठवडा कसा दिसतो

सोमवार, बुधवार, शुक्रवारी सकाळी व्यायाम. मंगळवारी आठवणींचा तास. गुरुवारी भजन, शनिवारी गाण्यांच्या भेंड्या. रोज साडेचारला चहा आणि पत्ते-कॅरम. रविवार रिकामा, कारण रविवारी घरचे येतात, आणि ज्यांचे येत नाहीत त्यांच्यासाठी मी किंवा समितीतलं कोणीतरी मुद्दाम इथे असतं. संध्याकाळी सातनंतर काही ठेवू नका, मालिकांशी स्पर्धा करून कोणी जिंकलेलं नाही. वेळापत्रक तीन महिने बदलायचं नाही. पैसे असतील तर आधी कठडे, मग खुर्च्या, मग चांगला स्पीकर. प्रोजेक्टर शेवटी.

एक गोष्ट कुठल्याच वेळापत्रकात नसते. कोणी गेलं की पूर्वी आम्ही गुपचूप मागच्या दाराने रुग्णवाहिका लावायचो, इतरांना त्रास नको म्हणून. सगळ्यांना सगळं कळलेलं असायचं आणि जेवणाच्या हॉलमध्ये दोन दिवस चमच्यांचा आवाज यायचा. आता पुढच्या दाराने नेतो. लोक वऱ्हांड्यात उभे राहतात. दुसऱ्या दिवशी साडेचारला चहाच्या वेळी त्यांची खुर्ची तिथेच असते, आणि ज्याला बोलायचंय तो बोलतो. कॅरम त्या दिवशी लागत नाही, काका माइकवरून तेवढं सांगतात.

महिनाअखेरीला वही

दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी समितीतल्या दोघांबरोबर मी वही उघडते. किती जण आले ते बघत नाही. कोण महिनाभर कुठेच दिसलं नाही, तेवढीच नावं काढतो आणि प्रत्येक नावापुढे कोण जाऊन बसणार ते लिहितो. नेहमी येणारं माणूस आठवडाभर आलं नाही तर महिनाअखेरीची वाट बघायची नाही. अशा वेळी दोनदा ताप निघाला आणि एकदा औषधं चुकल्याचं.

अकरापैकी आता दोन दारं उरलीत. एक काका तोंडावर सांगतात की मला माणसं आवडत नाहीत, मी पुस्तकं वाचतो, तुम्ही या, पण कार्यक्रमाला बोलावू नका. त्यांच्यापुढे मी 'आनंदात' लिहून टाकलंय. दुसरं दार चौदा नंबरच्या काकूंचं. गेल्या गुरुवारी भजन चालू असताना वर गेले तर दार वीतभर उघडं होतं आणि खुर्ची उंबरठ्याच्या आत, जिन्याकडे तोंड करून ठेवलेली. मला बघून त्यांनी पटकन पेपर उघडला. मी काही बोलले नाही. खाली आले आणि वहीत लिहिलं: १४, दार वीतभर.